मामंजींनी मोटार थांबवली

आमच्या मामंजींची एक गोष्ट गावात अजून सांगतात. गोष्ट खरी आहे, तिच्यात कुणी तिखटमीठ घातलेलं नाही, आणि तरी ती कुणी सांगायला लागलं की मी तिथून उठते. ती घडली तेव्हा मी मोटारीतच बसले होते. इतकी वर्षं मी मधे तोंड घातलं नाही, कारण ज्यांची गोष्ट त्यांनाच ती वाढवायची नव्हती. आता मामंजी नाहीत, आणि माझेही केस पिकले. आता बोलायला हरकत नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझे सासरे सरपंच होते. पण गाव त्यांना सरपंच म्हणायचं नाही, 'मोटारवाले' म्हणायचं. इंग्रजांच्या राज्यात त्यांची शेवगाव ते नगर अशी सर्व्हिस मोटार चालायची. त्यांच्या वडिलांचा सरकीचा व्यापार होता, बैलगाड्यांनी माल नगरच्या पेठेत जायचा. मामंजींना बैलांचा कंटाळा. वडिलांशी भांडून त्यांनी नगरच्या एका पारशी शेठची जुनी मोटार विकत घेतली आणि सुताराकडून तिच्यावर लाकडी बाकं ठोकून घेतली. वडील म्हणाले, बस आता बोंबलत. पण लोक त्या मोटारीत बसायला लागले. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा मागे कोळशाची भट्टी बसवून त्यांनी गाड्या चालवल्या. घाटात चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे आणि वर चढून पुन्हा भाडंही द्यायचे, हे सांगताना मामंजी पोट धरून हसायचे.

त्यांच्या मोटारीचा एक शिरस्ता होता. रस्त्यात कुणीही हात केला की मोटार थांबलीच पाहिजे. आत जागा नसेल तर टपावर, टपावर नसेल तर मागच्या शिडीवर, पण हात केलेल्या माणसाला धुरळा खात उभं ठेवून जायचं नाही. एकदा कुणा साहेबाच्या शिपायानं पुढची बाकं रिकामी ठेवायला सांगितली होती. मामंजींनी हो म्हटलं आणि पुढच्याच फाट्यावर एका कुटुंबाला शेळीसकट त्या बाकावर बसवलं. साहेब चिडला, परवाना जायची वेळ आली, पण काही झालं नाही. मामंजींचं म्हणणं एवढंच की साहेबाला दुसरी गाडी मिळेल, शेळीवाल्याला मिळणार नाही.

स्वराज्य आलं, मग एस. टी. आली आणि सगळे रस्ते सरकारनं घेतले. मामंजींचा धंदा बसला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगायच्या की वर्षभर ते ओसरीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या एस. टी.कडे नुसते बघत राहायचे. शेवटी गावातल्याच लोकांनी त्यांना पंचायतीत ओढलं. ज्या माणसानं आपल्याला इतकी वर्षं नगरला पोचवलं त्याला मत द्यायला कुणाचं काय जात होतं! ते निवडून आले आणि मग सरपंचच होऊन बसले. एक मोटार मात्र त्यांनी ठेवली होती, सगळ्यात जुनी. हँडल मारून सुरू करावी लागायची. तिचा खडखडाट ऐकून तालुक्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं की मोटारवाले आले.

पंचायतीत बाईची एक जागा होती, तिथं त्यांनी मला बसवलं. माझं माहेर शेवगावचं, वडील शाळामास्तर, त्यामुळे लिहितावाचता येणारी सून म्हणून माझी वर्णी लागली. इतर गावांत बाईच्या सह्या घरपोच व्हायच्या. शिपाई रजिस्टर घेऊन चुलीपाशी यायचा आणि बाई पिठाच्या हातानं अंगठा द्यायची. मामंजींनी ते चालू दिलं नाही. मला सभेला यावंच लागायचं. सुरुवातीला डोक्यावरून पदर घेऊन मी भिंतीशी बसायचे आणि मनातल्या मनात त्यांना बोल लावायचे. घरचं काम कुणी करायचं? मग हळूहळू मला त्याची गोडी लागली, आणि एकदा लागल्यावर माझं तोंड बंद करणं मामंजींनाही जमलं नाही.

सभेत कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं ते असंच. तालुक्याहून काही पत्र आलं की ते घडी न मोडता माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "वाच सूनबाई, सगळ्यांना ऐकू जाऊ दे." मला वाटायचं, काय हा थाट! सरपंच झाले तर स्वतः वाचायला कमीपणा येतो की काय. रस्त्यात कुणी समोरून गेलं तरी ते मान हलवायचे नाहीत. माणूस राम राम म्हणाला की मग एकदम तोंडभर हसायचे. लोक म्हणायचे, आता वय झालं, जरा तोऱ्यात असतात. मीही तेच म्हणायचे.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. त्या दुष्काळाबद्दल मी जास्त सांगत नाही. ज्यांनी रेशनवरच्या परदेशी लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी खाल्ल्या नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही. गावाला सरकारी काम मिळणार होतं. मामंजींच्या डोक्यात एकच होतं, वरच्या माळावर पाझर तलाव खोदायचा. लोकांच्या हाताला काम मिळेल, आणि पाऊस पडेल तेव्हा पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना उतरेल. दुसऱ्या गटाला रस्ता पाहिजे होता, खालच्या मळ्याकडे जाणारा. रस्ताही काही वाईट नव्हता. पण मामंजी हट्टाला पेटले. जन्म रस्त्यावर काढलेला माणूस रस्ता नको म्हणतो, यावर लोक हसायचे. ते म्हणायचे, रस्त्यानं गाव सोडून जाता येतं, राहायला पाणी लागतं.

तलावाच्या कामाला शेवगावच्या कचेरीतून मंजुरी मिळायच्या बेतात होती, आणि नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या गटानं मामंजींवर अविश्वासाचा ठराव आणला. सभेचा दिवस ठरला. ठराव झाला तर मामंजींची खुर्ची जाणार आणि खुर्चीबरोबर तलावही जाणार, हे सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं.

पंचांची मोजदाद तर अशी काठावर येऊन बसली की बोलायची सोय नाही. खालच्या मळ्यातले एक पंच होते, त्या गटाचे पक्के. ते आणि मी दोघं हजर राहिलो तर मामंजींविरुद्ध एक मत जास्त होत होतं. मी हजर आणि ते गैरहजर, असं झालं तर बरोबरी होणार, आणि बरोबरीत ठराव पडतो. हे पंच त्याच सुमाराला बहिणीच्या सासऱ्यांच्या दहाव्याला नेवाशाकडे गेले होते. सभेच्या दिवशी सकाळी ते परत येणार होते. मीही गावात नव्हते. भावाच्या मुलीचं बारसं म्हणून मी शेवगावला माहेरी आले होते आणि सकाळच्या एस. टी.नं निघणार होते.

नेवाशाहून शेवगावला येणारी ती एस. टी. त्या सकाळी आलीच नाही. कुठंतरी बिघडून पडली होती. मी स्टँडवर हातात पिशवी घेऊन उभी, जीव खालीवर होतोय, आणि तेवढ्यात तो ओळखीचा खडखडाट ऐकू आला. मामंजी स्वतः मला घ्यायला आले होते. सासरा सुनेला आणायला स्वतः मोटार घेऊन येतो म्हटल्यावर स्टँडवरचे लोक माना वळवून बघायला लागले. मी पदर सावरला आणि मागे जाऊन बसले. त्या काळी सासऱ्याच्या शेजारी बसायची रीत नव्हती, आणि मोटारीत पुढची बैठक व मागची बाकं यांच्यामध्ये लाकडाची फळी होती. तिच्या फटीतून मला मामंजींचं मुंडासं दिसत होतं, पुढचा रस्ता दिसत नव्हता.

मोटार अगदी हळू चालली होती. मला वाटलं, उशीर होतोय, जरा पळवावी. पण ते आपले पुढे वाकून, चाक घट्ट धरून, बैलगाडीच्या वेगानं चालवत होते. मी मात्र खूश होते. एस. टी. पडली म्हणजे मळ्यातले पंचही अडकले असणार. मी पोचणार, ते पोचणार नाहीत. देव पावला असंच मी म्हणत होते.

आमच्या गावाकडे वळायचा फाटा आला आणि मोटार थांबली.

कुणी हात केला असेल, म्हणून मी बाहेर बघितलं नाही. मोटारीला वळसा घालून माणूस पुढच्या दाराशी आला तेव्हा तो बाजूच्या खिडकीतून मला दिसला. मळ्यातले पंच! खडीच्या ट्रकमधून ते फाट्यापर्यंत आले होते आणि पुढे वाहन नाही म्हणून उन्हात उभे होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खाकरले, फळीवर बांगड्या आपटल्या. पंच दाराशी घुटमळत होते, त्यांचाही चेहरा पडला होता. मग ते चढले, मामंजींच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "राम राम, सरपंच."

मामंजींचा हात गिअरच्या दांड्यावर गेला होता तो तसाच राहिला. जरा वेळ मोटार नुसती थरथरत उभी होती. मग त्यांनी दांडा ओढला आणि विचारलं, "पंच व्हय? दहावा झाला का नीट?"

पुढे गावापर्यंत दोघं काय बोलले माहीत आहे? कडब्याचे भाव. नेवाशाकडे विहिरींना पाणी किती आहे. मरण पावलेल्या म्हाताऱ्याला काय झालं होतं. जसं काही दोघं मिळून बाजाराला निघाले होते. मी मागे धुमसत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मामंजी, उतरवा यांना, सभा संपली की न्यायला या. पण सुनेनं सासऱ्याला असं सांगायचं, तेही परक्या माणसासमोर, ते काही जमलं नाही.

सभा झाली. तहसीलदार आले होते. त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं. मी ठरावाच्या विरोधात असं इतकं मोठ्यानं म्हणाले की तहसीलदारांनी चष्म्यावरून बघितलं. मळ्यातल्या पंचांची पाळी आली तेव्हा ते खाली बघून ठरावाच्या बाजूनं म्हणाले. त्यांनी दुसरं काय म्हणावं, गटाला शब्द दिला होता. ठराव एका मतानं झाला. मामंजी उठले, खुर्ची मागे सरकवली, तहसीलदारांना नमस्कार केला आणि बाहेर आले. घरी येऊन त्यांनी ताक मागितलं. आत्याबाई रडत होत्या. मी डोक्यात राख घालून चुलीपाशी बसले होते आणि त्या दिवशी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

तलाव गेला. रस्त्याचं काम सुरू झालं. बायाबापड्यांनी उन्हात खडी फोडली आणि रस्ता केला. पुढे पाऊस आला तेव्हा माळावरचं पाणी माळावरून वाहून गेलं. त्या वर्षी मी त्या वाहणाऱ्या पाण्याकडे बघून फार चरफडले.

पण गावाचं काय झालं ते ऐका. मळ्यातल्या पंचांना ती गोष्ट पोटात ठेवता आली नाही. त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. सांगायचे, मोटार ओळखू आली तसा मी हात खाली घेतला होता, म्हटलं यांच्या मोटारीत कुठल्या तोंडानं बसू. तरी ते थांबले. माझं मत आपल्या विरुद्ध आहे हे ठाऊक असून मला सभेला घेऊन आले. पारावर, बाजारात, शेजारच्या गावांत गोष्ट पसरली. शाळेत मास्तर पोरांना सांगायला लागले. सप्ताहात एका कीर्तनकार बुवांनी तर मामंजी समोर बसलेले असताना ती दृष्टांत म्हणून सांगितली. मामंजी मधेच उठून बाहेर गेले. लोक म्हणाले, बघा किती विनय! मलाही हळूहळू राग विसरून अभिमान वाटायला लागला. खरं सांगते, माहेरी गेले की मीच ती रंगवून सांगायचे.

दीडदोन वर्षांनी पुन्हा निवडणूक आली. दोन्ही गटांची माणसं आमच्या ओसरीवर आली. बरोबर मळ्यातले पंचही होते. म्हणाले, मोटारवाले, तुम्ही नुसते हो म्हणा, आम्ही बिनविरोध करतो. तुमच्यासारखा माणूस गावाला पाहिजे. आणि आता तलावही करू. मामंजींनी सगळ्यांना चहा पाजला आणि हात जोडून नाही म्हणून सांगितलं. कारण सांगेनात. लोक हिरमुसून गेले. आत्याबाई म्हणाल्या, रुसलेत. मी मात्र गप्प बसले नाही. मी म्हटलं, मामंजी, तलाव तुमचाच ना? आता हातात येतोय तर पाठ फिरवता? इतका कसला मान? ते उठून गोठ्याकडे गेले आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेतला.

ते आपटणं मी बघितलं. मग दुसऱ्याही गोष्टी दिसायला लागल्या. ताटातली चटणी ते बोटानं चाचपून शोधायचे. मुलाला हाक मारताना दुसऱ्याच बाजूला बघायचे. यजमानांना सांगून मी त्यांना नगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दिवा धरून दोन्ही डोळे बघितले आणि मलाच बोलायला लागले. मोतीबिंदू पार पिकलेत, म्हणाले, आज आणताय? यांना तीनचार वर्षांपासून समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसेल. शस्त्रक्रियेची तारीख देऊन त्यांनी आम्हाला परत पाठवलं.

परत येताना एस. टी.त गर्दी होती. आम्हाला एकाच बाकावर जागा मिळाली. मी खिडकीशी बसले होते आणि मनात हिशेब लागत होता. तीनचार वर्षं. म्हणजे ते सभेचे कागद. म्हणजे रस्त्यात मान न हलवणं. वाटेतलं मिरी गाव मागे पडलं तेव्हा मला राहवेना.

"मामंजी," मी म्हटलं, "त्या दिवशी फाट्यावर तुम्हाला पंच दिसले होते का?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं. जणू इतके दिवस कुणी विचारेल म्हणून थांबले होते.

"न्हाई. कायतरी हाललं, हात हाय एवढं समाजलं. आवाज ऐकला तवा कळलं कोन हाय ते."

"पण कळल्यावर तुम्ही उतरवलं तर नाही ना त्यांना!"

"बसल्याला मानूस उतरवायचा न्हाई, ती धंद्याची सवय झाली. त्यात माझं काय?"

मी म्हटलं, दिसले असते तरी तुम्ही थांबलाच असता. सगळं गाव हेच म्हणतं. ते समोरच्या बाकाची दांडी धरून बसले होते.

"गाव म्हनतं," ते म्हणाले. "मी रोज इचारतो सोताला. तलाव डोळ्यांपुढं हुता. त्यो मानूस वळखू आला असता तर मोटार थांबवली असती का दामटली असती? येक दिस वाटतं थांबलो असतो. दुसऱ्या दिशी वाटतं न्हाई. आता कवाच कळायचं न्हाई ते. ज्याच्यासाठी लोकं मतं द्याय निघालीत, ते मी केलं का न्हाई हेच मला ठावं न्हाई. मग कुन्या तोंडानं उभा राहू, सूनबाई?"

मला ओसरीवरचं माझं बोलणं आठवलं आणि रडू आलं. मी पदरानं डोळे पुसले, ते त्यांना दिसलं नसणार. कंडक्टर आमच्या फाट्याचं नाव घेऊन ओरडला. मामंजी उठले, मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही खाली उतरलो. फाट्यावर बसलेल्या लोकांनी त्यांना बघून उठून उभं राहत राम राम केला. मामंजींनी आवाजाच्या दिशेनं हात जोडले आणि मला हळूच विचारलं, कोण कोण आहे.